जंत कोठून येतात, कसे जातात



या अंकाच्या अभ्यासपाठाचा विषय प्रार्थनासभेत सहसा कोणी काढत नाही. विषय आहे पोटातल्या जंतांचा. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या पारधी पिढ्यांवर काम करताना मुलांच्या तक्रारी विचारल्या की आया हमखास तीच गोष्ट सांगतात: पोट दुखतंय, जेवलेलं अंगी लागत नाही, माती खातंय, शौचातून जंत पडला. आपण सर्व जण या कामासाठी देणगी देता, प्रार्थना करता, काही जण प्रत्यक्ष येऊनही जाता. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आपल्यालाही गरजेचे आहे. जंताची गोळी स्वस्त आहे, सरकार ती फुकट देते. तरीही ती ज्या मुलाला सर्वात जास्त हवी, नेमके तेच मूल अनेकदा सुटते. ते का सुटते, हे या पाठाच्या शेवटी पाहू. आधी जंत म्हणजे काय ते पाहू.

जंतांचे प्रकार

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मातीतून पसरणारे जंत जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात आहेत. म्हणजे साधारण चार माणसांमागे एक. यात मुख्य तीन प्रकार येतात.

पहिला गोल जंत. आपण नुसते 'जंत' म्हणतो तेव्हा बहुधा हाच डोळ्यांसमोर असतो. गांडुळासारखा लांबट, फिकट, १५ ते ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. याची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. ती अंडी विष्ठेतून मातीत पडतात, तिथे दोन-तीन आठवड्यांत पक्व होतात आणि हातातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा पाण्यातून पुन्हा तोंडात जातात. पोटात अंडे फुटले की अळी रक्तातून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि परत आतड्यात येऊन मोठी होते. जंत फार झाले तर लहान मुलाचे आतडे तुंबू शकते. पोट फुगून कडक झाले, उलट्या होत आहेत आणि शौचाला होत नाही, असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

दुसरा अंकुशकृमी, ज्याला डॉक्टर हुकवर्म म्हणतात. हा जेमतेम १ सेंटिमीटरचा, पण सर्वात घातक. हा तोंडावाटे येण्याची वाट पाहत नाही. ओल्या, सावलीच्या मातीत त्याची अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरते. तिथे काही वेळा खाज सुटते. आतड्यात पोचल्यावर तो आतल्या आवरणाला चावून रक्त पितो. याच्या एका जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. दुसरी जात बरीच कमी. आकडा छोटा वाटतो. पण पहिल्या जातीचे ५० जंत असतील तर रोजचे दीड-दोन चमचे रक्त गेले. ज्या बाईच्या जेवणात भाकरी, मिरची आणि कधीमधी वरण एवढेच आहे, तिच्या शरीराने ते रक्त भरून काढायचे कशाने?

तिसरा चाबूककृमी. हा मोठ्या आतड्यात राहतो आणि फार झाला तर जुलाब, आव व अशक्तपणा आणतो.

याशिवाय सुतासारखे बारीक पांढरे कृमी असतात. रात्री मुलाला गुदद्वाराशी खाज सुटते, ते खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि तोच हात तोंडात जातो. अंथरुणातून ही अंडी सगळ्या घरात पसरतात. म्हणून अशा वेळी एका मुलाला औषध देऊन भागत नाही. घरातल्या सर्वांनाच औषध द्यावे लागते, ते कसे द्यायचे हे डॉक्टर सांगतात.

शेवटचा फितीसारखा चपटा जंत, टेपवर्म. याबद्दल फार मोठा गैरसमज आहे. अर्धेकच्चे डुकराचे मांस खाल्ले तर हा जंत पोटात वाढतो, हे खरे. पण त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती अंडी दुसऱ्या कोणाच्या पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून तिथे गाठी करू शकतात. त्यातून फिट येतात. आपल्या देशात फिट येण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. ज्याने आयुष्यात मांसाला हात लावलेला नाही त्यालाही हा आजार होऊ शकतो, कारण तो येतो अस्वच्छ हातांतून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून. गावात फिट येणाऱ्याला अजूनही 'बाहेरचं झालंय' म्हणून अंगारे-धुपारे करतात. त्याला आधी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. अशा माणसाला जंताचे औषधसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

समज आणि वस्तुस्थिती

एका पिढीवर एक आई म्हणाली, "ताई, गूळ लई खातंय, म्हनून जंत झाल्यात." हे आपण सर्वांनीच आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. गुळाने, साखरेने जंत होत नाहीत. गूळ खाणाऱ्या हाताला माती लागलेली असेल तर त्या मातीने होतात. गूळ बंद करून हात तसाच राहिला, तर जंतही तसेच राहतात.

मूल रात्री दात खाते म्हणजे पोटात जंत आहेत, हाही तसाच समज. दात खाण्याची कारणे वेगळी असतात. माती खाण्याचे मात्र जंतांशी नाते आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी. रक्त कमी झालेल्या मुलाला माती खावीशी वाटते आणि मातीतून जंत पोटात जाऊन रक्त आणखी कमी होते. म्हणून माती खाणाऱ्या मुलाला मारण्यापेक्षा त्याचे रक्त तपासून घ्यावे.

वावडिंग, पळसाचे बी ही जुनी औषधे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जातात. वडीलधाऱ्यांच्या या ज्ञानाची थट्टा करू नये. पण त्यांचे माप ठरलेले नसते, आणि त्यांच्या भरवशावर गोळी टाळणे योग्य नाही.

नारूने दिलेला धडा

जुन्या लोकांना 'नारू' हा शब्द आठवत असेल. तोही एक जंतच. पाण्यातल्या अगदी बारीक जीवांच्या पोटात त्याची अळी असे. ते पाणी प्यायल्यावर साधारण वर्षाने हातभर, कधी मीटरभर लांबीचा नारू पायावरच्या फोडातून बाहेर येऊ लागे. आग इतकी होई की माणूस पाय गार पाण्यात घाली, आणि त्याच क्षणी हजारो अळ्या पाण्यात सुटत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याची रीत होती तिथे नारू घर करून राही. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढावा लागे. मधेच तुटला तर पाय सुजून पिकत असे. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस महिनाभर अंथरुणाला खिळे.

१९८४ साली देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते, आणि नारू असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की नारूवर कोणतेही औषध नव्हते, लसही नव्हती. तो गेला तो दुहेरी फडक्यातून पाणी गाळल्यामुळे, हातपंपांमुळे, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्यामुळे, पाण्यात औषध टाकल्यामुळे आणि गावोगाव फिरून रुग्ण शोधणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. जंताची वाट अडवली की जंत संपतो. आपल्याकडे आता गोळी आहे, म्हणून वाट अडवण्याचे काम मागे पडण्याचा धोका आहे.

गोळीने काय होते

२०१५ पासून केंद्र सरकार राष्ट्रीय जंतनाशक दिन राबवते. ठरलेले दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. राज्याच्या सोयीने तारीख पुढेमागे होते. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अंगणवाडीत व शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरून पाण्यातून. त्यापुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅमची गोळी, ३ वर्षांपर्यंत तीही चुरून पाण्यातून, त्यानंतर चावून खायची. त्या दिवशी जे मूल आजारी किंवा गैरहजर असेल त्याच्यासाठी काही दिवसांनी दुसरा दिवस ठेवलेला असतो. मुलाला ताप असेल किंवा ते दुसरे औषध घेत असेल तर तसे आधी सांगावे. गरोदर बाईने ही गोळी स्वतःहून घेऊ नये, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत.

गोळीमुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही, त्यामुळे तो उपाशी मरतो. पोटात जंत जास्त असतील तर मुलाला थोडी मळमळ, पोटदुखी किंवा उलटी होते. ती बहुधा काही वेळाने थांबते. पण हे आईला आधी सांगितलेले नसेल तर दुसऱ्या दिवशी पिढीवर एकच बोलणे होते, 'गोळीनं पोर आजारी पडलं'. मग पुढच्या खेपेला एकही आई मूल पुढे करत नाही. म्हणून गोळीच्या आधीचे दहा मिनिटांचे बोलणे गोळीइतकेच महत्त्वाचे.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. गोळीने पोटातले जंत मरतात, याबद्दल शंका नाही. पण सगळ्या मुलांना सरसकट गोळी दिल्याने त्यांचे वजन, रक्त आणि शाळेतली प्रगती किती सुधारते, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. केनियातल्या एका गाजलेल्या अभ्यासात शाळेतली हजेरी वाढलेली दिसली. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना सरासरी फायदा फार थोडा आढळला. ज्याच्या पोटात पुष्कळ जंत आहेत त्याला फायदा मोठा, ज्याच्या पोटात नाहीत त्याला काहीच नाही, हे साध्या बुद्धीलाही पटेल. शिवाय गोळी पुढच्या जंतांना अडवत नाही. मूल त्याच मातीत अनवाणी खेळले की काही महिन्यांत पोट पुन्हा भरते. म्हणून गोळी वर्षातून दोनदा, आणि तिच्याबरोबर चप्पल, साबण, संडास व लोहाची गोळी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्त कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत, आहार हे त्यातले मोठे. पण ज्या वस्तीत अनवाणी पाय आणि उघड्यावरचे शौच एकत्र येतात, तिथे जंत हेही कारण धरून चालावे.

दहा फेब्रुवारीला मूल कोठे असते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गोळी फुकट असताना मूल का सुटते?

आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः भूम, वाशी, कळंब, परंडा या कोरडवाहू भागातून, दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान मुले मागे कोणाकडे ठेवणार? ती बरोबरच जातात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे १० फेब्रुवारीला अंगणवाडीच्या हजेरीपटावर नाव इथे आणि मूल उसाच्या फडाजवळच्या कोपीत. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांना शाळेत गोळी मिळते. आईबरोबर गेलेल्या धाकट्याला ती मिळेल याची खात्री नाही.

आणि तो जातो कोठे, तेही पाहा. अंकुशकृमीच्या अळीला ओल आणि सावली लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या उघड्या मातीत ती टिकत नाही. पाणी दिलेल्या उसात मात्र दोन्ही असते. तिथेच माणसे शौचाला बसतात, तिथेच बायका अनवाणी मोळ्या उचलतात, तिथेच पोरे खेळतात. जिथे गोळीची गरज सर्वात जास्त तिथे गोळी पोचणे सर्वात अवघड, अशी ही स्थिती आहे.

दुसरी अडचण पिढीची. अनेक पारधी कुटुंबे गायरानावर राहतात. जागा नावावर नाही, उतारा नाही, म्हणून संडासाचे १२ हजारांचे अनुदान मिळवताना नाकी नऊ येतात. काही मुलांचा जन्मदाखला नाही, म्हणून पटावर नाव नाही. पटावर नाव नाही, म्हणून त्या मुलाच्या नावाची गोळी मोजलीच जात नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या समाजाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये तो शिक्का काढला, त्या समाजातली आई आजही सरकारी माणूस दिसला की मूल घेऊन आत जाते. तिला दोष देऊ नये. तिचा विश्वास मिळवायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागतो.

पवित्र शास्त्रात

या विषयावर पवित्र शास्त्रात थेट सूचना आहे, ती अनुवादाच्या २३ व्या अध्यायात १२ ते १४ या वचनांत वाचावी. इस्राएल लोकांनी छावणीबाहेर शौचासाठी जागा ठरवावी, आपल्या हत्यारांबरोबर खणण्याचे साधन ठेवावे, खड्डा खणावा आणि नंतर मळ झाकून टाकावा, असा तिचा आशय आहे. जंतांची अंडी मातीत मोकळी पडू नयेत यासाठी आज आरोग्यसेविका जे सांगते, त्याच्याशी हे जुळते.

पण या वचनांचा अर्थ ताणू नये. तिथे दिलेले कारण रोगाचे नाही. देव छावणीत चालतो म्हणून छावणी पवित्र असावी, हे ते कारण. याचा आपल्यासाठी अर्थ असा की संडासासारखी गोष्टसुद्धा देवाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. आणि ज्या गायरानावर आपली भावंडे राहतात ती जमीनही त्याच्या नजरेबाहेर नाही.

मंडळीने काय करावे

आपल्या शेजारी, भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले. गावातल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. जे काम डॉक्टरला जमत नव्हते, ते शेजारीण म्हणून त्या बायकांना जमले. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडून शिकण्यासारखे हेच की बाहेरून आलेल्या शिबिरापेक्षा वस्तीतली एक शिकलेली बाई जास्त काळ पुरते. या आधारावर काही विनंत्या:

१. ऊसतोडीला जाण्याआधी, म्हणजे दसऱ्यापूर्वी, प्रत्येक पिढीवरच्या १ ते १९ वर्षांच्या मुलांची यादी करण्यास हातभार लावा. ही यादी आशाताई व प्राथमिक आरोग्य केंद्राला देऊन, जाण्यापूर्वी गोळी मिळावी अशी विनंती करता येते. परतल्यावर एप्रिलमध्ये तीच यादी पुन्हा काढावी.

२. गोळ्या विकत आणून आपल्या हाताने वाटू नका. हेतू चांगला असला तरी कोणाला कधी दिली याची नोंद राहत नाही, आणि काही झाले तर त्या आईचा विश्वास कायमचा जातो. आरोग्यसेविकेला सोबत घ्या.

३. नाताळात मिठाई व कपड्यांबरोबर मापाच्या चपला द्या. मूल वाढते, म्हणून दर वर्षी द्याव्या लागतील.

४. ज्यांना कायद्याची, कचेरीच्या कामाची माहिती आहे त्यांनी जन्मदाखला, जातीचा दाखला, जागेचा उतारा या कामांसाठी महिन्यातला एक दिवस द्यावा. एका उताऱ्यातून एक संडास उभा राहतो, आणि त्याने शंभर गोळ्यांचे काम होते.

५. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या मुलांना, आपल्या शेतावरच्या सालगड्याच्या मुलांना गोळी मिळाली का, एवढे विचारा. जंत फक्त पारध्यांच्या पोरांना होतात असे नाही. आपल्या मुलांनाही गोळी चुकवू नका.

शिबिराचा फोटो चांगला येतो, यादीचा येत नाही. आपल्याला पाठवण्यात येणाऱ्या अहवालात यापुढे फोटो कमी आणि याद्यांची माहिती जास्त दिसली, तर ती प्रगती समजावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या गावाजवळ पारधी पिढी कोठे आहे? तिथे पाणी कोठून येते व लोक शौचाला कोठे जातात?

२. नारू औषधाशिवाय गेला. मग गोळी असूनही बाकीचे जंत का टिकून आहेत?

३. आपल्या परिसरातून ऊसतोडीला किती कुटुंबे जातात? त्यांची लहान मुले फेब्रुवारीत कोठे असतात?

४. अनुवाद २३:१२-१४ वाचा. 'छावणी पवित्र असावी' याचा आपल्या गावाच्या गायरानाशी काय संबंध?

येत्या हंगामात जी मुले कोपीत राहायला जातील त्यांची नावे घेऊन प्रार्थना करा. नावे माहीत नसतील तर आधी ती विचारून घ्या. यादीचे काम तिथूनच सुरू होते.